मियाजिमा बघायचंय? मग आधी तिथलं पाणी बघा

आम्ही सांगलीकर पावसाळ्यात सकाळी उठलो की चहाच्या आधी एक गोष्ट बघतो, आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालंय. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी पाठ असतं. आणि असा मी माणूस जपानला जाऊन मियाजिमा बेट बघायला गेलो आणि पाण्याची पातळी न बघता गेलो! त्याचं फळ काय मिळालं ते सांगतो, म्हणजे तुमचं तसं होणार नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एका टूरवाल्याबरोबर होतो. त्यांनी दुपारी बाराच्या आसपास बेटावर सोडलं आणि दोन तासांत परत या म्हणाले. आता फोटोत तुम्ही ती समुद्रात उभी असलेली लाल कमान बघितली असेल, तिला तोरी म्हणतात, ती पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते म्हणून तर सगळं जग तिथं जातं. आम्ही गेलो तर पाणी अर्धवट उतरलेलं, कमान धड पाण्यात पण नाही आणि चालत जवळ जावं म्हटलं तर मधे पाणी आणि चिखल, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. फोटो काढला तो बघून घरचे म्हणाले, अरे हे तर हरिपूरच्या संगमावर पाणी उतरल्यावर दिसतं तसं दिसतंय. परत आल्यावर कॅलेंडर काढून बघितलं तर त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीचं महत्त्व पुढं सांगतो.

दुसऱ्यांदा मात्र सगळं व्यवस्थित जमवलं. ताई आणि दाजी हिरोशिमात असतात, आई आणि मावशीला घेऊन गेलो, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी बेटावर मुद्दाम मुक्काम टाकला. खाली लिहिलंय ते सगळं त्या दुसऱ्या ट्रिपमधलं आहे.

बेटाचं खरं नाव इत्सुकुशिमा, मियाजिमा हे बोलीतलं नाव, म्हणजे देवळाचं बेट. हिरोशिमा शहराच्या जवळच, जपानच्या आतल्या शांत समुद्रात, साधारण 30 चौरस किलोमीटरचं. जपानी लोक देशातल्या तीन सर्वात देखण्या जागा मोजतात त्यात हे एक, बाकीच्या दोन मात्सुशिमा आणि आमानोहाशिदाते. 1996 साली तिथलं देऊळ युनेस्कोच्या यादीत गेलं. एवढी माहिती पुरे, आता कामाचं.

तिथं समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि मोठ्या उधाणाच्या दिवशी हा फरक 4 मीटरपर्यंत जातो. 4 मीटर म्हणजे 13 फूट. आमच्याकडं कृष्णेचं पाणी सहा तासात 13 फूट वाढलं तर आम्ही गहू-तांदूळ माळ्यावर टाकून पाहुण्यांकडं निघू. तिथं ते रोजचंच आहे आणि सगळं बेट त्याच तालावर चालतं. नेटवर 'मियाजिमा टाइड टेबल' टाकलं की तारखेप्रमाणं वेळा आणि सेंटीमीटर येतात. दोनच आकडे लक्षात ठेवा, 250 च्या वर पाणी असेल तर कमान तरंगल्यासारखी दिसते, 100 च्या खाली गेलं तर चालत तिच्या पायाशी जाता येतं. मधलं सगळं म्हणजे माझी पहिली ट्रिप.

आणि तारीख ठरवायची असेल तर आपल्याकडं एक फायदा आहे जो गोऱ्या टुरिस्टांकडं नाही, आपल्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर असतं. अमावास्या आणि पौर्णिमा, आणि त्यानंतरचे एकदोन दिवस, भरती-ओहोटी सर्वात मोठी. अष्टमीच्या आसपास सर्वात मिळमिळीत. चंद्र तोच आहे की, सांगलीत काय आणि जपानात काय. तिथं पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसात भरती साधारण सकाळी नऊ-दहाला येते आणि ओहोटी दुपारी तीन-चारला, म्हणजे एकाच दिवसात दोन्ही बघून होतं. रोज वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. अजून एक बारीक गोष्ट, उन्हाळ्याच्या बाजूला दुपारची ओहोटी खोल जाते, हिवाळ्यात रात्रीची, त्यामुळं चालत कमानीपर्यंत जायचंच असेल तर एप्रिल-मे बरा. पण लाल पानांसाठी जाणार असाल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, तेव्हा टेबल जरा जास्त नीट बघा.

आता जायचं कसं. ओसाकाहून हिरोशिमा शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दीड तास, टोकियोहून चार. हिरोशिमा स्टेशनवरनं जेआर म्हणजे जपान रेल्वेची लोकल पकडायची, अर्ध्या तासात मियाजिमागुची नावाच्या स्टेशनवर उतरायचं. ट्राम पण जाते पण तासाच्या वर लागतो, आईला ट्रामची हौस होती म्हणून येताना ट्रामनं आलो आणि ती अख्खा वेळ झोपली. हिरोशिमात अणुबॉम्बच्या स्मारकाची बाग आहे, पीस पार्क, तिच्याजवळून थेट बोट पण आहे पाऊण तासाची, ती नदीतल्या पुलांखालून जाते त्यामुळं पाण्याची पातळी नको तेवढी झाली की रद्द होते, भरवसा ठेवून बसू नका.

स्टेशनवरनं समोर चालत गेलं की धक्का. दोन कंपन्यांच्या फेरी बोटी आहेत, भाडं 200 येन, त्यावर ऑक्टोबर 2023 पासून 100 येन टॅक्स घेतात बेटावर जायचा, म्हणजे जाताना 300, येताना 200. जेआर पास असेल तर जेआरची फेरी फुकट, टॅक्स तेवढा भरायचा. दहा मिनिटांचा प्रवास. जेआरचीच घ्या असं मी म्हणेन, कारण दिवसा जाताना ती मुद्दाम कमानीच्या जवळनं वळसा घालून नेते. आणि चढल्या चढल्या वर जाऊन उजव्या बाजूला कठडा धरून उभं राहायचं, खाली एसीत बसलात तर गेलात कामातनं.

बेटावर उतरलं की स्वागताला हरणं. कुंपण नाही, दोरी नाही, रस्त्यावर आपल्याकडं गाई बसतात तशी बसलेली असतात, बेटावर मिळून पाचेकशे असतील. दिसायला गरीब. मावशीनं सांगलीहून येताना भडंगाच्या चार पुड्या आणलेल्या, त्यातली एक खांद्याच्या पिशवीत वरच होती. आम्ही नकाशा बघत उभे, तेवढ्यात मावशी ओरडली, "आरं ह्यो बघ, पिशवीतच तोंड घातलंय की ह्यानं!" बघतो तर हरणानं पुडी प्लॅस्टिकसकट ओढलेली, अर्धं भडंग रस्त्यावर, आणि ते शेंगदाणे तेवढे वेचून खातंय. मावशीचं म्हणणं शेंगदाणे ठीक आहेत पण लसूण आणि तिखट सोसेल का त्याला. मी आधी धावलो ते प्लॅस्टिक काढून घ्यायला, कारण हरणांच्या पोटात प्लॅस्टिक जाणं हाच तिथं मोठा प्रॉब्लेम आहे. नारा शहरात हरणांना द्यायला बिस्किटं विकत मिळतात, इथं तसं नाही, इथं खायला घालायचंच नाही असा नियम आहे. कागद पण खातात, नकाशा, तिकीट, हातातली पावती, काहीही. पिशवीची चेन लावा आणि खाण्याचं सगळं तळाला ठेवा. कचरापेट्या फारशा दिसत नाहीत, रिकामी पिशवी बरोबर असू द्या.

भरतीच्या वेळी आधी देऊळ करायचं, बाकी सगळं नंतर. सकाळी साडेसहाला उघडतं. इत्सुकुशिमा देऊळ जमिनीवर नाहीच, ओहोटीत उघडी पडणाऱ्या वाळूत खांब रोवून त्यावर लाल गॅलऱ्या बांधल्यात. म्हणतात की 593 साली पहिलं देऊळ झालं, पण आज दिसतंय तो थाट दिला तायरा नो कियोमोरी नावाच्या बलाढ्य सरदारानं, 1168 साली. कारण असं की अख्खं बेटच देव मानलेलं, मग देवाच्या अंगावर पाय कसा द्यायचा, म्हणून पाण्यावर बांधलं. जुन्या काळी बेटावर जन्म आणि मरण दोन्ही चालत नसे, गरोदर बायका पलीकडच्या किनाऱ्यावर जायच्या, आणि दफनभूमी बेटावर नाही.

आत गेलात की खाली बघत चाला, हे माझं खास सांगणं. सगळे वर बघतात. जमिनीच्या फळ्या घट्ट बसवलेल्या नाहीत, दोन फळ्यांमधे बोटभर फट सोडलीय. मी उकिडवा बसून बघितलं, खाली हिरवं पाणी हलत होतं आणि उन्हाचा कवडसा त्या फटीतनं पाण्यावर पडून परत छताला चमकत होता. ती फट चुकून राहिलेली नाही, उधाणात किंवा वादळात पाणी खालनं दाबायला लागलं की ते फटीतनं वर येतं आणि जोर निघून जातो, नाहीतर अख्खी गॅलरी उचकटली असती. तरी पण निसर्ग कधी कधी जिंकतो, 2004 च्या टायफूनमध्ये देवळाचं बरंच नुकसान झालं. पूर आमच्याकडं पण येतो, पण पुराला वाट ठेवून बांधायचं ही गोष्ट आम्ही 2019 ला शिकायला पाहिजे होती, असो. तिथंच पाण्यावर एक नाटकाचा मंच आहे, नोह म्हणजे जपानच्या जुन्या परंपरेतल्या नाटकाचा.

त्यांचा मोठा उत्सव आहे कान्गेनसाई, होड्यांमधनं वाद्यं वाजवत देव नेतात. तो त्यांच्या जुन्या चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या 17 तारखेला असतो, त्यांचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला बदलतात, म्हणजे आपला साधारण आषाढ वद्य द्वितीयेचा दिवस पडतो. पौर्णिमेनंतर दोन दिवस, म्हणजे बघा, उधाणाच्या दिवशीच उत्सव.

देवळातनं बाहेर पडलं की शेजारीच दाईगान्जी नावाचं छोटं मंदिर, तिकडं बहुतेक लोक वळतच नाहीत. आईला मी सांगितलं, इथं सरस्वती आहे. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. जपानात तिला बेनझाइतेन म्हणतात, हातात वीणेसारखं बिवा नावाचं वाद्य, पाण्याची आणि विद्येची देवी, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेली. देशातल्या तीन मोठ्या बेनझाइतेनमधली ही एक. 1868 नंतर सरकारनं शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा धर्म, आणि बौद्ध वेगळं करायचं फर्मान काढलं तेव्हा तिला मोठ्या देवळातनं इथं आणलं. आईनं चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, हिला हळदकुंकू चालतं का. नाही चालत, पण तिचं समाधान झालं.

ह्याच देवीमुळं बाजारात दिसणारी भातवाढी आली. एदो काळात, म्हणजे 1868 च्या आधीच्या शोगुनांच्या राजवटीत, सेइशिन नावाच्या भिक्षूला तिच्या बिवाच्या आकारावरनं लाकडी भातवाढी सुचली, लोकांना काहीतरी करून विकता यावं म्हणून, आणि आज जपानभर भात वाढायला तीच वापरतात, शामोजी म्हणतात. बाजारपेठेत 7.7 मीटरची, अडीच टनाची भातवाढी ठेवलीय. बघायला एक मिनिट पुरे. घ्यायला छोटी घ्या, हलकी, स्वस्त, आणि पाहुण्यांना वाटायला किल्लीच्या साखळीपेक्षा बरी.

दुपारी पाणी उतरेपर्यंत मिसेन डोंगर. उंची 535 मीटर, आणि हे समुद्रसपाटीपासनं चढायचं आहे हां, साताऱ्याहून आलेल्यांनी अजिंक्यताऱ्याच्या हिशोबानं जाऊ नये, गावातनं किल्ल्यावर चढतो त्याच्या जवळजवळ दुप्पट होईल. पायवाटा तीन आहेत, दीड-दोन तास लागतात, तरणे असाल तर दाईशोइन मंदिराकडची वाट घ्या, मोकळी आहे. आम्ही रोपवेनं गेलो, जाऊन येऊन साधारण 2000 येन, मधे एकदा बदलायचा, आधी छोटे डबे मग मोठा. आता महत्त्वाचं, रोपवे तुम्हाला शिखरावर सोडत नाही! शेवटच्या स्टेशनपासनं अर्धा तास पायऱ्या-दगडातनं चढउतार आहे. हे कुणी सांगत नाही आणि मग गुडघेवाले अडकतात. मावशी स्टेशनवरच्या गच्चीत बसून राहिली, तिथनं पण खालची बेटं सगळी दिसतात, तिनं काही गमावलं नाही. वारा जास्त असला की रोपवे बंद ठेवतात, आणि देखभालीला पण वर्षातनं काही दिवस बंद असतो, सकाळीच साइटवर बघून घ्या.

शिखराच्या थोडं खाली रेइकादो नावाची जागा. कुकाई नावाच्या बौद्ध आचार्यानं 806 साली पेटवलेला अग्नी तिथं 1200 वर्षं तेवत ठेवलाय असं मानतात, आणि हिरोशिमाच्या पीस पार्कमधली ज्योत पेटवताना हा अग्नी पण नेला होता. ती इमारत आगीत जळाली होती, त्यामुळं जुने फोटो बघून जाऊ नका.

खाली उतरल्यावर दाईशोइन मंदिर चुकवू नका, माझ्या मते बेटावरची सर्वात जिवंत जागा हीच, आणि गर्दी निम्मी. जिन्याच्या मधल्या कठड्याला धातूची फिरती चक्रं बसवलीत, त्यावर प्रज्ञापारमिता सूत्र कोरलंय, हातानं फिरवत चढलं की सूत्र वाचल्याचं पुण्य. आमच्या मावशीनं पुण्य डबल पाहिजे म्हणून उतरताना पण फिरवली. बाजूला पाचशे अर्हतांच्या, म्हणजे बुद्धाच्या सिद्ध शिष्यांच्या, छोट्या दगडी मूर्ती, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि डोक्याला लोकरीच्या विणलेल्या टोप्या. हे मंदिर बौद्धांच्या शिन्गोन पंथाचं, शिन्गोन म्हणजेच मंत्र. फलकांवर मधेच सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं दिसतात, ती बघून आपल्याला उगाच वाचता येईल असं वाटतं, येत नाही.

इतिहासाची आवड असेल तर एक गोष्ट इथं उभं राहून आठवा. 1555 साली मोरी मोतोनारी नावाच्या सरदाराकडं फौज थोडी आणि शत्रू सुए हारुकाता मोठा. मोरीनं बेटावर एक छोटा किल्ला मुद्दाम आमिष म्हणून ठेवला, शत्रूची फौज ह्या अडचणीच्या बेटावर ओढून घेतली आणि वादळी रात्री मागच्या बाजूनं होड्यांनी उतरून पहाटे धरलं. आम्हाला हे ऐकल्यावर 1659 चा प्रतापगड आणि जावळीचं खोरं आठवणारच की. मोठ्याला अडचणीच्या जागी ओढायचं, तिथं त्याची संख्याच त्याला नडते. लढाईनंतर प्रेतं पलीकडच्या किनाऱ्याला नेली आणि रक्त सांडलेली माती पण उचलून नेली, बेट पवित्र म्हणून.

साडेतीनला परत किनाऱ्याला आलो तर सकाळचा समुद्र गायब! जिथं होड्या फिरत होत्या तिथं पोरं चालतायत. चप्पल जुनी घाला, वाळू ओली आणि शेवाळी आहे. कमानीखाली गेल्याशिवाय ती किती मोठी आहे ते कळत नाही. उंची साडेसोळा मीटर, वजन 60 टनाच्या आसपास, आत्ताची 1875 मध्ये उभारलेली, कियोमोरीच्या काळापासनं आठवी. मुख्य दोन खांब म्हणजे कापराच्या झाडाचे अख्खे बुंधे, तासून गुळगुळीत केलेले नाहीत, झाडाचा बाक आणि गाठी तशाच, दोन माणसांच्या कवेत मावत नाहीत. खाली जिथपर्यंत पाणी येतं तिथपर्यंत खडकाला चिकटते तसली बारीक शिंपल्यांची खरखरीत साल चढलीय, हात फिरवला की खरवडतं. आणि गंमत म्हणजे हे खांब जमिनीत पुरलेलेच नाहीत! नुसते टेकलेत. वरच्या आडव्या तुळईत पोकळी ठेवून दगड भरलेत, सात टनाच्या आसपास, त्या वजनावर अख्खी कमान भरती-ओहोटी आणि वादळात उभी. 2019 ते 2022 दुरुस्तीला झाकली होती, आता मोकळी आहे. लोक खांबाच्या भेगांत नाणी खोचतात, ते करू नका, लाकूड खराब होतं. आणि पाणी परत फिरलं की गुमान काठाला या, चढताना ते मागनं पण येतं.

वेळ राहिला तर टेकाडावर पाच मजली पॅगोडा आणि शेजारी सेंजोकाकू हा लाकडी सभामंडप, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशीनं 1587 ला काढायला लावला, तो मेला आणि तसाच अर्धवट राहिला. उन्हात पाय दुखले असतील तर तिथल्या गार फळ्यांवर बसायला फार भारी.

खाण्याचं थोडक्यात. मांसाहारी असाल तर मजा आहे, भाजलेली कालवं आणि भातावरचा आनागो मासा, दोन्ही इथली खासियत. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, सूपात आणि नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो, 'भाजी' म्हणून सांगितलेल्या गोष्टीत पण. मोमिजी मांजू खा, मेपलच्या पानाच्या आकाराचा केक, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, आईचं मत पुरण झकास पण वेलदोडा विसरलेत. बाहेरच्या पिठात अंडं असतं, चालत नसेल त्यांनी टाळा. काडीला लावून गरम तळून देतात ते आगे मोमिजी, ते उभ्या उभ्या खायचं, हरणाकडं पाठ करून. घरचं भडंग, थेपले, चटणी बरोबर ठेवलीत तर दिवस निघतो.

जमलं तर एक रात्र राहा, महाग पडतं पण पाच-सहानंतर दिवसाची गर्दी गेली की बेट वेगळं होतं. कमानीवर रात्री अकरापर्यंत दिवे असतात, आणि पौर्णिमेच्या दिवसात नऊ-दहाला परत भरती. आम्ही चौघं काठावर बसलो होतो, आई, मावशी, ताई आणि मी, दाजी पलीकडं गाडी आणायला गेलेले म्हणून राहिले. पाणी पायऱ्या एकेक करून चढत होतं, आई मोजत होती, "आता चौथी गेली".

राहणार नसाल तर शेवटच्या फेरीची वेळ उतरल्या उतरल्या धक्क्यावरच फोटो काढून ठेवा. आणि परतताना ज्या कंपनीचं तिकीट आहे त्याच धक्क्यावर उभं राहा, दोन्ही शेजारी शेजारी आहेत, आम्ही दहा मिनिटं चुकीच्या लायनीत होतो.